काजू: कॅरिबियनच्या झाडपाल्यातला बिब्बा

(कोकणातल्या एका वाचनालयाच्या वासंतिक व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, टेबलावर दोन बशा ठेवल्यात. एकीत काजूच्या तीन बिया आहेत. सोललेले गर नव्हेत, परवा झाडावरून उतरवलेल्या, टरफलासकट, न भाजलेल्या बिया. दुसरीत दोन बिब्बे आहेत, आठवड्याच्या बाजारात लिंबू-मिरची विकणाऱ्या बाईकडून आणलेले. नंतर पुढे येऊन बघा, पण हात लावू नका. का, ते सांगतोच.

विषय पत्रिकेवर छापलाय, 'कॅरिबियन लोकवैद्यकात काजू'. छापायच्या आधी मला फोन आला होता. 'सर, कॅरिबियनच ना? कारवार नव्हे?' (हशा) कारवार नव्हे. वेस्ट इंडीज. आपल्याला ती बेटं क्रिकेटमुळे ठाऊक आहेत, पण तिथली आजी नातवाचं पोट बिघडलं की काय उकळते, हे कुणी विचारत नाही. मी चाळीसेक वर्षं औषधनिर्माणशास्त्र शिकवलं, त्यातही वनस्पतींपासूनची औषधं. कॅरिबियनमध्ये मी पाऊल ठेवलेलं नाही. पण आजच्या विषयाशी माझं नातं पुस्तकातनं जुळलेलं नाही, ते ओठातनं जुळलेलं आहे.

आठ वर्षांचा होतो. मे महिना, मागच्या परड्यात बोंडूंचा सडा. मोठी पोरं आगोटी पेटवून बिया भाजत होती आणि लहानांना जवळ येऊ देत नव्हती. मला राग आला. एक कच्ची बी उचलली आणि दाढेखाली धरून फोडली. तोंडात तेलकट, कडवट असं काहीतरी आलं, थुंकलो. संध्याकाळपर्यंत काही नाही. सकाळी उठलो तर ओठ वरच्या बाजूला नाकापर्यंत आणि खालच्या बाजूला हनुवटीपर्यंत आलेले. फोड, पाणी, आग. आतेने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ह्येका बिबो उतलो." खोबरं चावून त्याचा रस ओठांना फासला, वर शिव्या दिल्या, आणि आठ दिवस भात-ताकावर ठेवलं.

आता बघा, मी खाल्ला होता काजू आणि आते म्हणत होती बिबो. तेव्हा वाटलं, हिला फरक कळत नाही. पुढे कॉलेजात कळलं की तिला तो अगदी नीट कळत होता.

बिब्बा आपला, इथलाच. संस्कृतात भल्लातक. काळं कुळकुळीत फळ, त्याला देठाकडे नारिंगी मांसल भाग. तो भाग वाळवला की बिब्ब्याची फुलं, आतला गर म्हणजे गोडंबी, आणि टरफलातलं तेल म्हणजे साक्षात विस्तव. परटाने कपड्यावर खूण करावी ती याच तेलाने, दहा धुण्यांत जायची नाही. आता काजू बघा. खाली बी, वर मांसल बोंडू, आत गोड गर, टरफलात जाळणारं तेल. रचना हुबेहूब तीच. दोघं एका कुळातले, आणि आंबा, चारोळी, अंबाडा, पिस्ता हेही त्याच घरचे. पोर्तुगीजांनी काजू गोव्यात आणला तेव्हा इथल्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं, हा तर आपल्या बिब्ब्याचा कोणीतरी! म्हणून गोव्यात आजही ओल्या काजूला 'बिबे' म्हणतात. बिब्यांची भाजी म्हटली की घाबरायचं नसतं.

गंमत अशी की याच्या बरोब्बर उलटी गोष्ट युरोपात झाली. अरबांमार्फत बिब्बा तिकडच्या औषधी दुकानांत शेकडो वर्षं माहीत होता, आणि त्याला नाव होतं 'अनाकार्डियम', हृदयाच्या आकाराचं म्हणून. गार्सिया द ओर्ता या गोव्यात राहणाऱ्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात या अनाकार्डोवर एक स्वतंत्र संवादच लिहिलाय. काजूला मात्र त्या पुस्तकात जागा नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये क्रिस्तोव्हांव द कोस्ता हा दुसरा पोर्तुगीज वैद्य लिहितो, तेव्हा काजू भारतात आलेला दिसतो. आणि १७५३ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने काय केलं, तर बिब्ब्याचं जुनं नाव उचलून अमेरिकेच्या काजूला देऊन टाकलं: अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, म्हणजे पश्चिमेचा बिब्बा! खऱ्या बिब्ब्याला पुढे 'सेमेकार्पस' हे दुसरं नाव शोधावं लागलं, खुणेचं फळ अशा अर्थाचं. स्वीडनमधला तो पंडित आणि परड्यातली माझी आते, दोघांनी एकच निष्कर्ष काढला होता. आते फक्त लॅटिन बोलत नव्हती.

हे एवढं घरचं पुराण लावलं, कारण कॅरिबियनमध्ये काजूचं औषध समजून घ्यायचं तर बिब्ब्याकडूनच शिरावं लागतं. आपल्याला काजू म्हटलं की कतली दिसते, नाहीतर फेणी. तिथल्या झाडपाल्यात त्या गराला फारसं स्थान नाही. तिथे औषध म्हणजे साल, पान, बोंडूचा रस आणि टरफलाचं तेल. म्हणजे आपण जे टाकून देतो ते.

काजू मूळचा ईशान्य ब्राझीलचा. तिथले तुपी लोक त्याला 'अकाजू' म्हणत, त्याचं पोर्तुगीजांनी 'काजू' केलं आणि आपण ते जसंच्या तसं घेतलं. तुपी भाषेत या शब्दाचा आणखी एक अर्थ होता, वर्ष. झाड वर्षातून एकदा बहरतं, म्हणून दर हंगामाला एक बी भोपळ्याच्या तुंब्यात टाकायची आणि वय मोजायचं. आपण म्हणतो ना, 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत', तसं ते चार काजू जास्त म्हणत असणार. आंद्रे थेवे नावाचा फ्रेंच भिक्षू १५५५ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. त्याच्या पुस्तकात काजूचं झाड, त्यावर चढलेले लोक आणि बोंडू पिळून रस काढणारा माणूस असं चित्र आहे. ते पाहिलं तेव्हा मला आमच्याकडची बोंडू तुडवायची कोळंबीच, म्हणजे दगडी कुंडीच आठवली.

तिथून ते झाड बेटाबेटांवर पसरलं. प्रत्येक बेटावर नाव वेगळं. क्यूबात मारान्योन, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये काहुइल, पोर्तो रिकोत पाहुइल, समोरच्या व्हेनेझुएलात मेरेय, जमैका-त्रिनिदादमध्ये कॅश्यू. हैतीत पॉम काजू आणि न्वा काजू, बोंडूला एक आणि बीला एक. आता इथे एक खड्डा आहे, त्यात भले भले पडलेत. फ्रेंचमध्ये 'आकाजू' म्हणजे काजूही आणि महोगनीही. हैतीच्या क्रेओल बोलीत तर नुसतं 'काजू' म्हटलं की महोगनीचं लाकूड! आणि महोगनीची सालही त्या बेटांवर तापाला वापरली जायची. म्हणजे कुठल्या जुन्या फ्रेंच वहीत 'आकाजूची साल उकळून द्यावी' असं सापडलं, तर ती कुठल्या झाडाची, हे आधी नक्की करायला हवं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण पहिल्या तासाला द्यायचो. झाडपाल्याच्या औषधात पहिली चूक मात्रेत होत नाही, नावात होते.

तिथल्या इंग्रजी बेटांवर झाडपाल्याला 'बुश' म्हणतात आणि काढ्याला 'बुश टी'. टी म्हणजे चहा नव्हे हं. जमैकात सकाळी गरम जे काही पितात ते टी, कोको टी असतो आणि माशाच्या पातळ सारालाही फिश टी म्हणतात. फ्रेंच बेटांवर याला 'रिमेद राझिये' म्हणतात, म्हणजे झुडपातलं औषध, आणि हैतीत पाल्याची औषधं देणारा माणूस म्हणजे 'दोक्ते फेय', पानांचा डॉक्टर. आपला वैदू.

या बुश टीमध्ये काजूचं मुख्य काम एकच, सुटलेलं पोट बांधणं. झाडाची साल किंवा पानं, उकळून, गाळून, थंड करून. कुठे कोवळी पालवी, कुठे जून साल. त्याच काढ्याने तोंड आलं असेल, हिरड्या सुजल्या असतील तर खळखळून चूळ भरायची. क्यूबात बोंडूचा रस, त्यातला तुरटपणा न काढता, घसा धरला की आणि जुनाट आव असली की देत. आणि तिथे म्हणतात, मारान्योन तोंड आवळतो. बोंडू चावून खाल्लेल्या कुणालाही हे सांगायला नको! जीभ टाळ्याला चिकटते आणि सदऱ्यावर ओघळलेला डाग सदरा फाटेपर्यंत साथ देतो.

हा तुरटपणाच इथे औषध. टॅनिन म्हणतात त्याला. प्रथिनांना घट्ट धरून ठेवायचा त्याचा गुण. चामडं कमावताना तो कातड्यावर जे करतो, तेच थोड्या प्रमाणात आतड्याच्या अस्तरावर करतो. अस्तर आवळलं जातं, स्राव कमी होतो. आपल्याकडे डाळिंबाची साल, जांभळीची साल, बाभळीची साल यासाठीच. पेरूची कोवळी पानंही, आणि पेरू तर अमेरिकेतनंच आलेला. कॅरिबियनमध्ये पेरूची पालवी आजही जुलाबावरचं अगदी पहिलं औषध आहे. झाड समुद्र ओलांडून आलं आणि इथेही त्याच्याकडून तेच काम करून घेतलं गेलं, याचं मला कायम नवल वाटतं.

आणि यात एक गोष्ट लक्षात घ्या. हा काढा उकळणारी कॅरिबियन आजी कोण? तिचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेले. काजू त्यांच्या रानातला नव्हता. बेटांवरच्या मूळ रहिवाशांकडून, अरावाक आणि कालिनागो लोकांकडून, ही झाडं त्यांना कळली असणार, आणि ते लोक तर युरोपियनांच्या हातून आणि रोगांनी भराभर संपत होते. नव्या झाडाची ओळख करून घ्यायला या माणसांकडे काय होतं? जीभ होती. चावून बघितलं, तुरट लागलं, म्हणजे पोटाला बांधेल. मळ्यात गोरा डॉक्टर असलाच तर तो रक्त काढायचा आणि पाऱ्याची औषधं द्यायचा. अशा वेळी काजूची साल हा जास्त शहाणपणाचा उपाय होता, असं मी औषधशास्त्राचा मास्तर म्हणून सांगतो. हान्स स्लोन नावाचा लंडनचा डॉक्टर १६८७ मध्ये गव्हर्नरबरोबर जमैकाला गेला, पंधरा महिने राहिला, शेकडो वनस्पती वाळवून घेऊन आला. ब्रिटिश म्युझियम पुढे उभं राहिलं ते त्याच्या संग्रहावर. पण त्या वनस्पती कुणी ओळखून दिल्या, पानं कुणी तोडून आणली, त्या हातांची नावं त्या संग्रहात शोधून मिळत नाहीत.

उलट या ज्ञानाची धास्तीच होती. आज हैतीत काप-आयसियाँ म्हणतात त्या शहराजवळ माकांदाल नावाचा एक गुलाम मळ्यातून पळाला. झाडपाल्याचा जाणकार. त्याने विषाने मळेवाल्यांना मारायचा कट केला असा आरोप ठेवून १७५८ च्या जानेवारीत त्याला भर चौकात जाळलं. जमैकात १७६० मध्ये उठाव झाला आणि लगेच ओबियाविरुद्ध कायदा आला. ओबिया म्हणजे त्यांचा मंत्रतंत्र आणि त्याच्या जोडीला औषधपाणी. मालकाला दोन्हीत फरक करायचा नव्हता. मुळी उगाळणारी बाई जुलाब थांबवते आहे की मालकाच्या जेवणात काही टाकते आहे, हे त्याला बाहेरून कसं कळणार? माकांदालने काजू वापरला असं माझं म्हणणं नाही. मला एवढंच दाखवायचंय की विष आणि औषध हे एकाच हातातलं ज्ञान आहे, हे मळेवाल्याला पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं म्हणत बसतो.

तर आता अपायाकडे. पुढच्या रांगेतल्यांनी जरा वाकून बघा. ही बी मी सकाळी कोयत्याने उभी चिरलीय, हातमोजे घालून. मधे पांढरा गर, त्यावर तांबूस पातळ साल. बाहेर करडं, गुळगुळीत कवच. पण कवच एकसंध नाही, आतून दुसरा पातळ पापुद्रा आहे आणि दोन्हींच्या मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे. त्या कप्प्यांतनं तपकिरी, काकवीसारखं काहीतरी पाझरतंय, दिसतंय? हेच ते. यात अनाकार्डिक ॲसिड आहे आणि कार्डोल आहे. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची वेल असते, अंगाला लागली की माणूस आठवडाभर खाजवत बसतो, तिच्यातल्या विषाची ही सख्खी भावंडं. आंब्याचा चीक ओठाला लागून फोड येतात, तोही याच गोतावळ्यातला. बी विस्तवात टाकली की हे तेल बाहेर उसळतं, भडकतं, धूर होतो, आणि तो धूर डोळ्यांत गेला तर डोळे जातात की काय असं वाटतं. बेलीझमध्ये क्रुकेड ट्री नावाचं गाव आहे, काजूसाठी प्रसिद्ध, मे महिन्यात तिथे काजूची जत्राच भरते. तिथेही उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघूनच भाजतात. आपल्या आगोटीसारखंच. दुकानात 'कच्चा काजू' म्हणून मिळतो तोही वाफवलेला असतो, खरा कच्चा कुणी विकत नाही.

या तेलाचा औषधी उपयोग कॅरिबियनमध्ये काय? चामखीळ जाळायला. पायाचं कुरूप घालवायला. गजकर्णावर. महारोगाच्या व्रणांवर. किडक्या दातात एक थेंब, कळ मारायला. आणि टाचांच्या भेगांवर! इथे आल्यावर मी वाचताना थबकलो. दाभणाला बिब्बा टोचायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, तेल सुटलं की भेगेत टपकवायचं, हे आमच्या घरात मी डोळ्यांनी पाहिलंय. शेतात चिखलात उभं राहून टाचा फुटलेल्या बायका इकडेही आणि उसाच्या मळ्यात तिकडेही. मधे दोन महासागर. कुणी कुणाला सांगायला गेलेलं नाही.

पण हे तेल चामखिळीवर लावायचं म्हणजे टोकावर, टाचणीच्या डोक्याएवढं, भोवतीच्या कातडीला आधी चरबी नाहीतर तेल फासून. खरं कसब त्या फासण्यात असतं. तुम्हाला कुणी नुसतं 'काजूच्या तेलाने चामखीळ जाते' एवढंच सांगितलं, तर त्याने अर्धं औषध सांगितलं, आणि अर्धं औषध म्हणजे पूर्ण इजा. लोकवैद्यकाची पुस्तकं बहुतेक अशीच असतात. झाडाचं नाव, रोगाचं नाव, मधे रिकामी रेघ. त्या रेघेत आजी असते, तिचं नाव कुणी लिहीत नाही.

तेलाची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अठराव्या शतकातल्या वेस्ट इंडीजच्या वर्णनांत मळेवाल्यांच्या घरातल्या गोऱ्या बायका हे तेल चेहऱ्याला लावायच्या असं येतं. उन्हाने रापलेली कातडी घालवायला! चेहरा सुजायचा, काळा पडायचा, मग पापुद्रे निघायचे, आणि आतून नवी गुलाबी त्वचा. तोवर घरात दडून बसायचं. हसू नका. आज शहरात जाऊन 'केमिकल पील' करून घेतात त्याचं तत्त्व याहून वेगळं नाही. त्यातलं एक जुनं रसायन फिनॉल आणि काजूच्या टरफलातली रसायनंही फिनॉलच्याच जातीची. फरक एवढाच की आता पावती मिळते. (हशा) ज्यांच्या कातडीचा रंग हीच त्यांची शिक्षा होती, त्या बायकांकडूनच हा उपाय मालकिणींना कळला असेल, तर त्या काय मनात म्हणाल्या असतील, कोण जाणे.

गेल्या शतकाच्या मध्यावर हैतीहून अमेरिकेत प्रवासी आठवण म्हणून वस्तू नेऊ लागले. पेय ढवळायच्या काड्या, टोकाला काजूची बी. बाहुल्या, त्यांचं डोकं काजूच्या बीचं. न भाजलेल्या बीचं! घेणाऱ्यांच्या हातातोंडाला फोड आले, त्वचारोगतज्ज्ञांनी त्यावर लेख लिहिले, इशारे निघाले. अमेरिकी कागदांत त्या 'वूडू बाहुल्या' झाल्या आणि फोडांना एकदम गूढ वलय आलं. मला मात्र ते वाचताना आपल्या गाड्यांना टांगलेली काळी बाहुली आठवली, लिंबू-मिरची आणि खाली बिब्बा. नजर लागू नये म्हणून जे लटकवायचं ते चांगलं जहाल हवं, हे दोन्हीकडच्या माणसांना पटलेलं.

आता थोडं विज्ञानाकडे. १९८२ मध्ये हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एक काम सुरू झालं, 'ट्रामिल' नावाने. मला या मंडळींची पद्धत फार आवडते. ते वैदूकडे गेले नाहीत, घराघरात आयांकडे गेले. गेल्या वेळी पोराला जुलाब झाले तेव्हा तू पहिल्यांदा काय केलंस? कुठलं झाड, कुठला भाग, कसं उकळलंस? एखाद्या गावात वीस टक्क्यांहून अधिक बायका एका दुखण्याला एकच पान सांगू लागल्या, की ते पान प्रयोगशाळेत. मग तीन कप्पे: वापरायला हरकत नाही, अजून तपासा, आणि विषारी, सोडून द्या. त्यांच्या औषधकोशात काजूला जागा आहे. मला यात मोलाचा वाटतो तो तिसरा कप्पा. आपल्याकडे परंपरेचा अभ्यास करणारे बहुतेक जण पहिल्याच कप्प्यात सगळं कोंबतात.

अनाकार्डिक ॲसिडवरही बरंच काम झालंय. दात किडवणाऱ्या जंतूंवर, जठरातल्या हेलिकोबॅक्टरवर ते काचेच्या बशीत चालतं. म्हणजे किडक्या दातात थेंब टाकणारी बाई वेडी नव्हती. पण काचेच्या बशीला हिरडी नसते. तो थेंब जंतू मारेल तसा हिरडीही जाळेल.

आणि जुलाबाबद्दल डॉक्टर मंडळी बसलीत त्यांच्या मनातलं मीच बोलतो. मूल जुलाबाने दगावतं ते पोट सुटल्यामुळे नव्हे, अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे. तुरट काढा गळती थोडी आवळेल, पाणीही थोडं पोटात जाईल, पण मीठ-साखर त्यात नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजून जे दाखवून दिलं, ते कुठल्याही सालीने होत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात हैतीत कॉलरा पसरला तेव्हाही माणसं वाचली ती सलाइनने आणि त्या मीठ-साखरेच्या पाण्यानेच. काढा द्यायचा तर त्या पाण्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नव्हे. रक्त पडत असेल, ताप असेल, तर काढा राहू दे, गाडी काढा.

मागून एक चिठ्ठी आलीय. 'काजूच्या पानांचा काढा घेतल्यास मधुमेह बरा होतो असा मेसेज आला आहे. खरे काय?' बघा, आला. कॅरिबियनमध्येही पानांचा आणि सालीचा काढा 'साखरेला' देतात, तिथेही मधुमेहाला 'शुगर'च म्हणतात. कॅमेरूनमध्ये उंदरांवर प्रयोग झालेत, मुद्दाम मधुमेह घडवलेल्या उंदरांवर, आणि पानांच्या अर्काने साखर कमी राहिली हे खरं. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना माझा प्रश्न, तुमच्या गोळ्या चालू आहेत का? चालू असतील आणि वर हा काढा खरोखरच चालला, तर साखर किती उतरेल याचा हिशेब कोण करणार? उंदराची साखर तपासायला माणूस उभा होता. तुम्ही पहाटे घामाघूम होऊन पडलात तर शेजारी कोण असेल, ते बघून ठरवा. आणि तुमच्या मेसेजमध्ये पानं किती, जून की कोवळी, पाणी किती, काही लिहिलंय? नाही. मगाशी म्हटलं ना, मधली रेघ रिकामी.

दुसरी चिठ्ठी, 'फेणी औषध आहे का?' (हशा) क्यूबा-ब्राझीलकडे बोंडूची दारू सांध्यांना चोळतात. गोव्यात आणि आपल्याकडेही थंडीतापाला छातीला चोळतात. चोळायला माझी ना नाही. पुढचं तुमचं तुम्ही.

वेळ झाला, अध्यक्ष घड्याळ बघतायत. आभाराआधी एक सांगायचं राहिलं. बशीत मी बिया तीन आणल्या होत्या, एक चिरलेली आणि दोन अख्ख्या. आता मला इथनं चिरलेली दिसतेय आणि अख्खी एकच दिसतेय. ज्या कुणाच्या खिशात गेली असेल त्याने लाजू नये. साल खरवडली गेली नसेल तर काही होणार नाही. पण नखाने टोकरून बघितलं असेल, तर बाहेर नळ आहे, साबण आहे. आधी हात धुवा, भरपूर पाण्याने, दोनदा. आणि ते होईपर्यंत डोळ्यांना हात लावू नका, रे बाळांनो, तोंडाला तर मुळीच नका.